वळचणी ड्रॅगन आणि आमचा एसी

बिबट्या परवडला. तो येऊरहून येतो, एखादं कुत्रं उचलतो, सीसीटीव्हीत दिसतो आणि जातो. वळचणी ड्रॅगन जात नाही.

घोडबंदर रोडला डोंगराच्या अंगाला ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडी माहिती देतो. होळी झाली की मादी जंगलातून खाली उतरते आणि ऊब मिळेल तिथे एकच अंडं घालून निघून जाते. हापूसपेक्षा जरा मोठं, चुन्याच्या रंगाचं. पुढचं बाळंतपण आपण निस्तरायचं.

मगरीच्या अंड्याला किती ऊब मिळाली त्यावर पिल्लू नर होणार की मादी, ते ठरतं. वळचणी ड्रॅगनमध्ये त्यावर स्वभाव ठरतो. फ्रिजच्या मागे उबलेलं पिल्लू शांत, दिवसभर गुणगुणत बसणारं. इन्व्हर्टरवरचं एरवी ढिम्म, पण लाइट गेली की त्याच्या अंगात येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडचं राउटरवर निघालं, ते पाहुण्यांसमोर हटकून बंद पडतं. आमचं अंडं उबलं एसीच्या बाहेरच्या युनिटवर. एसी बाहेर गरम फुंकतो आणि आत गार, गोट्याचंही तेच. कुरिअरवाला दिसला की फुत्कार, आणि घरच्यांशी थंड. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून सुटून मी घरी येतो तेव्हा हा एक डोळा उघडतो, मी आहे असं बघतो आणि पुन्हा मिटतो. एसी सर्व्हिसिंगवाला तर आता फोनवरच विचारतो, "साहेब, तो घरी आहे का?"

पिल्लू पहिल्या पावसात कवच फोडून बाहेर येतं. तेव्हा तोंडातून नुसती वाफ. हे दिवस सोन्याचे. गणपतीत आईने मोदकांची चाळण त्याच्यासमोर धरली आणि एकवीसच्या एकवीस मोदक न फुटता उतरले. आई त्याच्यावर अजून जीव टाकते ती तेवढ्यावरच. दिवाळीच्या सुमारास वाफेचा धूर होतो आणि सेक्रेटरींचे फोन सुरू होतात. जाळ दुसऱ्या उन्हाळ्यात. मधे केव्हातरी कात टाकतो, ती सोफ्याखाली. मावशींनी स्वच्छ सांगितलं, "वहिनी, लादी पुसीन, भांडी घाशीन, त्याची कात उचलणार नाही." ती मी उचलतो.

सेक्रेटरींनी नियम धुंडाळले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, बिबट्याही आहे. ड्रॅगन कुठेच नाही. मग कमिटीने डोकं चालवून गोट्याला भाडेकरू ठरवलं आणि आम्हाला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावले, सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के. मी स्वतः त्याच घरात राहतो हे सांगून पाहिलं. मिनिट्समध्ये आलं नाही.

उडण्याबद्दल लोकांच्या फार कल्पना असतात. सह्याद्रीत दक्षिणेकडे एक उडता सरडा आहे. बरगड्यांची कातडी पंख्यासारखी पसरून तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत उतरतो, पंख फडफडवून वर चढणं त्याला जमत नाही. गोट्याचंही अगदी तसंच. बाल्कनीतून खाली झोकात जातो, वर येताना लिफ्ट लागते. बटणापर्यंत हात पोचत नाही म्हणून लॉबीत वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी बसून राहतो. कोणी लिफ्टमध्ये शिरलं की मागोमाग आत शिरतो आणि आरशाकडे तोंड करून उभा राहतो. त्याच्यासोबत वर जायला कोणी तयार नसतं, म्हणून इंटरकॉम वाजतो आणि पायात चपला सरकवून मी खाली जातो.

कबुतरं तरी पळतील अशी आशा होती. गोट्या कबुतरांना घाबरतो.

पण खरा छळ शिट्ट्यांचा. ड्रॅगन सोनं जमवतात असं ऐकून बायकोने बांगड्या आधीच लॉकरमध्ये ठेवल्या होत्या. वळचणी ड्रॅगनला सोन्याची हौस नाही, त्याला कुकरच्या शिट्ट्या लागतात. जांभळी नाक्यावरून कोरी शिट्टी आणून दिली तर हुंगूनही बघितली नाही. वरणभाताच्या वाफेत मुरलेली हवी. रात्री सगळं निजल्यावर तुळशीच्या कुंडीमागे हा आपली दौलत मांडतो. एकेक शिट्टी नाकाशी धरायची, शेपटीच्या टोकाने वरचा काळा गोल फिरवायचा, मग भोकात हलकेच फुंकर घालून कान द्यायचा. नीट वाजली तर पोटाखाली, नाही तर थेट खाली पार्किंगमध्ये. तिथे कोणाची गाडी आहे ते तो बघत नाही. सध्या आमच्या अख्ख्या विंगमध्ये डाळ पातेल्यात शिजते आणि लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही.

एवढं पुरलं नाही म्हणून यंदा होळीनंतर गोट्याने अंडं घातलं.

नर कुठून आला, असा प्रश्न घरात उठला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंग्लंडमधल्या प्राणीसंग्रहालयांत कोमोडो ड्रॅगनच्या माद्यांनी नराशिवायच अंडी घातल्याचं २००६ साली उघड झालं होतं, ते मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मेलीने सांगायचं तरी, डोहाळे पुरवले असते."

आता वाद अंडं कुठे ठेवायचं याचा. गोट्याने ते अर्थातच एसीच्या युनिटवर घातलंय. असला आणखी एक स्वभाव घरात नको, यावर मात्र एकमत आहे. बायकोला फ्रिजमागे हवंय. आईचा आग्रह देवघरात समईशेजारी, म्हणजे पिल्लू सात्त्विक निघेल. पण मग त्याचं सोवळं कोण सांभाळणार? मुलगा गेमिंग लॅपटॉपवर ठेवू म्हणतो, त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

हलवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या मोठ्या कुकरची, पुरणाच्या डाळीत मुरलेली शिट्टी तेवढी मी लपवून ठेवली होती. ती घेऊन खिडकीतून हात बाहेर काढला. गोट्याने, म्हणजे आता तिने, शिट्टी हुंगली, फुंकून बघितली, पोटाखाली सारली. अंडं दिलं नाही.