नाचणारीला विचारलं का कुणी?

परवा कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटता आटता वाद पेटला. लावणीला कला म्हणता, मग गावोगावच्या डान्स हंगाम्याला, म्हणजे तिकीट लावून पोरींना गाण्यांवर नाचवतात त्या खेळांना, घाण का म्हणता? एक काकू म्हणाल्या, "लावणीवाली अंगभर नेसलेली असते म्हणून." मला ते पटलं नाही. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नऊवारी अंगभर असते, हे खरं. पण लावणीतला शृंगार काही पदराआड लपलेला नाही. रात्रीच्या भेटीची ओढ, ज्वानीचा तोरा, सख्याला दिलेलं उघड आवतण, हे सगळं शाहिरांनी बाईच्या तोंडी घातलं. बहुतेक शाहीर पुरुष, समोर बसणारेही पुरुष. तरी यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ऐका. बाई जागची उठत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी डोळ्यांनी, भुवईनं, बोटांनी तिचा अर्थ पालटते. समोरच्याला काय दिसावं आणि कधी दिसावं, हे तीच ठरवते. तिथे वासना आहेच. पण तिची दोरी बाईच्या हातात आहे, आणि मी कला म्हणते ती याला. २०१२ मध्ये यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली, पण त्यांची लावणी काही त्या दिवशी पवित्र झाली नाही. ती आधीपासूनच तेवढी मोठी होती.

म्हणून लावणीला देव्हाऱ्यात बसवायचीही माझी तयारी नाही. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना तमाशाच्या बोर्डावर नाचल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. मला ती ऐकवत नाही. विठाबाईंच्या कलेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या रात्री त्यांच्या जिवाची किंमत तिकिटाएवढीच धरली गेली, हेही तितकंच खरं. एकाच बाईत, एकाच रात्री कला असते आणि तिचा वापरही होत असतो. आपण मात्र दोन्हींतलं एकच खरं म्हणून भांडत बसतो.

गेल्या दिवाळीनंतर नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यात मावशीच्या गावी मंडईला, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेला, गेले होते. चौकात खडी गंमत, म्हणजे विदर्भातलं तमाशासारखं लोकनाट्य, चालली होती. लुगडं नेसलेला नाच्या असं काही दुहेरी बोलत होता की म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोरंसोरं मांडीवर झोपली होती. गावाबाहेर वावरात टिनाचे पत्रे ठोकून हंगामा. तिथे बायांना मज्जाव. आतून माईकवरचा माणूस ओरडत होता ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. तो नाचाबद्दल एक शब्द बोलत नव्हता, पुढे काय काय दिसणार तेवढंच सांगत होता.

सकाळी चहाच्या टपरीवर त्यातली एक पोरगी भेटली. विशीतली असेल. मी भीत भीतच विचारलं. ती म्हणाली, "मले नाचाचं वाईट नाही वाटत जी, मले नाचता येते. पन गानं तेच ठरवते, कपडे तेच ठरवते. बंद कर म्हनलं तं पैसे कापते." थोडं थांबून म्हणाली, "स्टेजच्या मांगून निंघाले एक रस्ता पायजे होता. लोकाईतूनच जा लागते." लोकांतून जाताना काय होत असेल ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२३ मध्ये उमरेडजवळच्या एका रिसॉर्टमधल्या नाचाचा गुन्हा रद्द केला. आखूड कपडे घालून उत्तेजक नाच करणं, हावभाव करणं एवढ्यानंच ते अश्लील ठरत नाही, असं म्हटलं. निकाल मला योग्य वाटतो. पण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ज्या २९४ कलमावर हे सगळं चाललं, त्यात बघणाऱ्या इतरांना त्रास झाला का, हे पाहायचं होतं. नाचणारीला त्रास झाला का, हे त्या कलमात कुठेच नव्हतं. आणि सरकारला तिची आठवण येते ती बंदी घालतानाच. २००५ ची डान्स बारबंदी बायांच्या सन्मानासाठीच आणली होती म्हणे. सन्मान ज्यांचा राखायचा त्या बारबालांचीच संघटना बंदीविरुद्ध कोर्टात गेली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर आठ वर्षं गेली. घरं कशी चालली असतील?

त्यामुळे कुणी विचारलं की हा नाच कला की बाईची वस्तू, तर मी आधी तीनच गोष्टी बघते. गाणं कोण निवडतं, पैसे कुणाच्या हातात पडतात, आणि तिनं 'बस' म्हटल्यावर ढोलकी थांबते का. चोळीचं माप शेवटी. हे ज्याला अश्लीलतेची तरफदारी वाटते, त्यानं एकदा त्या टिनाच्या पत्र्याबाहेर उभं राहून माईक ऐकावा.

मावसभाऊ यंदा मंडईच्या कमिटीत आहे. वर्गणीसाठी त्याचा फोन आला होता. मी म्हटलं, देते, पण हंगामा ठेवणार असाल तर स्टेजच्या मागून दार काढा, माईकवाल्याला आवरा आणि पोरींचे पैसे त्यांच्याच हातात द्या. तो म्हणाला, "ताई, मिटिंगमंधी हे बोलू कसा मी?" मी म्हटलं, मग मलाच बोलाव, मी येते. अजून बोलावणं आलेलं नाही.