मडगार्ड म्हणे!

माझ्या जॅकेटच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा आहे. वीतभर रुंद, कोणी रोलर फिरवल्यासारखा. हे रंगकाम केलंय माझ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाने. आणि त्या गाडीला माझ्या हातात येऊन अजून एक दिवससुद्धा झालेला नाही.

दोनदा आंघोळ केली, तरी कानामागून वाळू निघतेय. डोकं काही थंड होत नाहीये, म्हणून लिहितेय.

मला आधी हे सांगा, मडगार्ड या वस्तूचं काम काय? नावातच आहे ना? जुन्या मोटरसायकली आठवा. पत्र्याचं, दोन्ही बाजूंनी वळवलेलं, चाकाला पार खालपर्यंत कवेत घेणारं मडगार्ड आणि त्याच्या टोकाला रबराचा फ्लॅप. दिसायला आजोबांच्या धोतरासारखं असेल, पण चिखल खालच्या खाली राहायचा. आता गाड्यांची शेपटीच छाटलीय. सीट संपली की गाडी संपली. मागे हवेत एक प्लास्टिकची काडी, तिला लटकलेली नंबर प्लेट, आणि म्हणे हे मडगार्ड! अहो, चाकाची मागची बाजू खालून वर येत असते. तिथून सुटलेलं पाणी वर आणि पुढे उडणार, म्हणजे नेमकं चालवणाऱ्याच्या पाठीत बसणार. हे कळायला इंजिनियर लागत नाही, एकदा पावसात सायकल चालवलेली असली तरी पुरतं. पुढचं मडगार्डही असलंच, चार बोटं कमीच. त्यातून सुटलेलं सगळं थेट इंजिनवर आणि माझ्या बुटांवर. बरं, पूर्ण चाकाजवळ बसणारं वेगळं मडगार्ड मिळतं, नाही असं नाही. अॅक्सेसरीजच्या यादीत. जादा पैसे देऊन. म्हणजे छत्री घ्यायला जावं आणि कापड वेगळं विकत घ्यावं लागावं.

तर, सकाळी ऊन होतं. डिलिव्हरी 11 वाजता मिळणार होती. 11 ला ‘गाडी वॉशिंगला आहे’, 1 वाजता ‘एक सही राहिली’, 2 वाजता सही करणारा माणूस जेवायला. चावी हातात आली तेव्हा पावणेचार झाले होते आणि आभाळ असं भरून आलं होतं की शोरूमच्या आत दिवे लावले होते. घर 70 किलोमीटर. मी म्हटलं, पाऊस येतोय, आटपा लवकर. तर तिथला पोरगा वीस मिनिटं फोन ब्लूटूथला कसा जोडायचा ते दाखवत बसला. तेही मला नाही. माझ्यासोबत आलेल्या भावाला! गाडी माझी, लायसन्स माझं, पैसे माझे, बावीस वर्षांपासून दुचाकी चालवतेय मी. भावाला गिअरची गाडी येतही नाही. तो बिचारा ‘हो, हो’ करत मान डोलवत होता. ‘सर, मॅडमना सांगा, सुरुवातीला जास्त पळवायची नाही.’ मॅडम इथेच उभ्या आहेत रे बाबा, दोन फुटांवर.

आणि जे सांगायला हवं होतं ते एका शब्दाने सांगितलं नाही. नवा टायर गुळगुळीत असतो. साच्यातून निघालेली ती चकचकीत कातडी रस्त्यावर घासून जाईपर्यंत त्याला नीट पकड नसते. पहिले दीडशेक किलोमीटर जपून, वळणावर गाडी फार झुकवायची नाही, हे साधं वाक्य. ब्रेकचंही तेच, पॅड आणि डिस्क एकमेकांना घासून बसायला वेळ लागतो, तोवर ब्रेक लागतो पण हवा तसा लागत नाही. मला हे माहीत होतं म्हणून ठीक. पहिल्यांदाच गाडी घेणारं एखादं विशीतलं पोर असतं तर? त्याला ब्लूटूथ काय टेकू देणार होतं?

बाराव्या किलोमीटरला पाऊस सुरू झाला. रिमझिम वगैरे लाडकोड नाहीच, थेट बादली. आणि बरेच दिवसांनी पडलेला पहिला पाऊस म्हणजे सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वाहून जायच्या आधी त्यांचं पाण्याबरोबर मस्त घसरडं होतं. एका वळणावर पांढऱ्या पट्ट्यावरून मागचं चाक गेलं. गेलं म्हणजे खरंच गेलं, वीतभर बाजूला सरकलं आणि परत आलं. रंगाच्या पट्ट्यावर ओला नवा टायर म्हणजे साबणावर साबण. तो अर्धा सेकंद माझ्या पोटात अजून आहे. मी ओरडले काय ते सांगत नाही, हेल्मेटमध्ये होतं, हेल्मेटमध्येच राहू दे.

हेल्मेटवरून आठवलं. काच खाली घेतली की श्वासाच्या वाफेने धुकं. काच वर केली की थेंब डोळ्यांत. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने खाली येतो, आणि 60 च्या वेगाने तुम्ही सेकंदाला सोळा-सतरा मीटर त्याच्या अंगावर धावत जाता. गालावर कोणी तांदूळ फेकून मारतंय असं वाटतं. शेवटी काच दोन बोटं उघडी ठेवून, मान तिरकी करून, एका डोळ्याने गाडी चालवली.

पण खरा छळ पुढे होता. एका ट्रकच्या मागे अडकले. ट्रकच्या सहा चाकांमधून उडणारा गढूळ फवारा सरळ माझ्या तोंडावर. ओव्हरटेक करायचं तर गाडी पिळायला हवी, आणि टाकीवर स्टिकर: रनिंग-इनमध्ये (म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत) इंजिन पिळू नका. पुस्तिकेत तर वर आणखी, एकाच वेगात फार वेळ चालवू नका, वेग कमीजास्त करत राहा. कमीजास्त! ट्रकच्या मागे 35 ने जाताना काय कमीजास्त करू? पाच किलोमीटर त्या फवाऱ्यात काढले, मग म्हटलं गेलं ते रनिंग-इन खड्ड्यात, आणि पिळली. स्टिकर लावणाऱ्याने पावसात त्या ट्रकमागे येऊन दाखवावं.

खड्ड्यातलं पाणी उडवत शेजारून जाणाऱ्या चारचाकीवाल्यांबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलं तर भाषा सुटेल.

रेनकोट होता, हो. बसल्यावर रेनकोटच्या पँटचं मांडीत तळं होतं आणि ते तळं शिवणीतून हळूहळू आत झिरपतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. काळ्या हातमोज्यांचा रंग बोटांना लागलाय, तो अजून गेलेला नाही. तीन तासांनी घरी पोचले तेव्हा भाऊ त्याच्या कारने कधीच पोचला होता. कोरडा. दारातून बघून म्हणाला, ‘ताई, फोटो काढू का गाडीबरोबर?’

आता भिजलेली चेन पुसून तेल द्यायला हवं, नाहीतर उद्या गंज धरेल. तो डबा घेऊन खाली निघाले होते, तेवढ्यात शोरूममधून फीडबॅकचा फोन आला. राइड कशी झाली, दहापैकी किती मार्क द्याल?

भावाच्या नंबरवर आला. त्याने दहा दिले.