दिवाळीतलं ग्रहण आणि सारोस 124

दिवाळीतल्या ग्रहणावरच्या एका लेखात म्हटलंय की 25 ऑक्टोबर 2022 सारखं खंडग्रास सूर्यग्रहण 18 वर्षांनी परत "दिसेल". येईल हो, पण आपल्याला भारतात दिसणार नाही, कारण सारोस, म्हणजे तसंच ग्रहण परत यायला लागणारा काळ, 18 वर्षं, 10-11 दिवस आणि वर साधारण 8 तासांचा असतो, त्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते म्हणून 4 नोव्हेंबर 2040 चं ग्रहण उत्तर अमेरिकेला, आपल्याकडे तेव्हा रात्र. तसंच याच्या एक सारोस आधीचं, 2004 चं पण आपल्या वाट्याला आलं नव्हतं.

खरी गंमत वेगळीच. एकेका सारोसच्या अंतराने येणाऱ्या ग्रहणांची एक मालिका धरतात, तिला नंबर असतो. याच 124 नंबरच्या मालिकेत 1968 ला खग्रास झालं होतं, सायबेरियात, 1986 ला संकरित (काही ठिकाणी खग्रास, काही ठिकाणी कंकणाकृती), आणि 2004 पासून नुसती खंडग्रासच, सावलीचा मधला भाग आता उत्तर ध्रुवाच्या वरून निसटून जातो. मालिका म्हातारी झालीय बघा.

2022 चं ग्रहण इंदूरला आम्ही गच्चीवरून पाहिलं, पुरीच्या झाऱ्यातून भिंतीवर पंचवीस-तीस चावलेले सूर्य एकदम, आणि शेवटी तसाच अर्धवट सूर्य मावळला, मोक्ष बघायलाच मिळाला नाही. आजी वेध पाळून फराळाच्या डब्यांवर तुळस ठेवत बसलेली, पाडवा भाऊबीज दोन्ही 26 ला, एकाच दिवशी दोन ओवाळण्या म्हणजे खिशालाच ग्रहण 😄