हात्झेरिमची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगा

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: इस्रायलच्या नेगेव वाळवंटात हात्झेरिम नावाचा छोटा किबुत्झ, म्हणजे सामूहिक शेतीची वसाहत, आहे. जमीन रिकामी, ओसाड आणि मदत कुणाचीच नाही. तरी तिथल्या शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन शोधून काढलं, शेतीवर श्रीमंत झाले, आणि किबुत्झमध्ये आजही सगळ्यांना सारखाच पगार मिळतो. शेवटी ठरलेली ओळ: ‘आपला शेतकरी मात्र अनुदानाची वाट बघत बसतो.’ या ओळीचा मला मनापासून राग येतो, कारण तिच्या आधी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं नाही.

जमीन रिकामी नव्हती. नेगेवमध्ये बदाउनी, म्हणजे भटक्या अरब टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत होत्या, पाऊस झाला की जव-गहू पेरत होत्या. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात त्यातले बहुतेक विस्थापित झाले. जे उरले त्यांना एका ठरावीक पट्ट्यात, १९६६ पर्यंत लष्करी अमलाखाली राहावं लागलं.

‘मदत नाही’ हे तर साफ चूक. ऑक्टोबर १९४६ मध्ये एका रात्रीत नेगेवमध्ये ११ वसाहती उभ्या राहिल्या, हात्झेरिम त्यातली एक. हे एकट्यादुकट्या शेतकऱ्याचं धाडस नव्हतं, संस्थांनी आखलेली मोहीम होती. किबुत्झची जमीन सदस्यांच्या मालकीची नसते, ती सार्वजनिक असते आणि भाडेपट्ट्याने मिळते. पाण्याचंही तेच. १९४७ मध्ये नेगेवच्या वसाहतींकडे पाइपलाइन गेली, १९५५ मध्ये यार्कोन नदीचं पाणी आलं, १९६४ मध्ये गॅलिली सरोवरापासूनची राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली. हात्झेरिमची जमीन इतकी क्षारपड निघाली होती की गाव सोडायची चर्चा झाली. लोक हटले नाहीत, पाणी देऊन देऊन क्षार धुऊन काढले. ही जिद्द खरीच आहे. पण वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात जमीन धुवायला पाणी आलं ते सार्वजनिक पैशाच्या नळातून.

आता ठिबक. ते हात्झेरिमच्या शेतकऱ्यांनी शोधलं नाही. सिम्हा ब्लास हे जल-अभियंता, नेगेवच्या पहिल्या पाइपलाइनचे आखणीकार. गळक्या नळाशेजारचं एक झाड बाकीच्यांपेक्षा कितीतरी उंच वाढलेलं त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. प्लास्टिक स्वस्त झाल्यावर त्यांनी मुलाबरोबर झाडाला असं थेंबाथेंबाने पाणी देण्यावर काम केलं. नुसतं बारीक भोक पाडलं तर ते गाळाने बुजतं. म्हणून त्यांनी पाण्याला लांब, वळणावळणाच्या वाटेने नेलं. घर्षणाने दाब कमी होतो आणि भोक जरा मोठं ठेवूनही पाणी थेंबाथेंबाने पडतं. १९६५ मध्ये त्यांनी हात्झेरिमशी करार केला आणि ठिबकचं साहित्य बनवणारी नेटाफिम कंपनी सुरू झाली. किबुत्झला शेतीला जोड म्हणून कारखाना हवाच होता.

म्हणजे श्रीमंती आली ती कारखान्यातून. इथे मजकुरात नसलेली आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आहे. मागणी वाढली तेव्हा हात्झेरिमला पगारी मजूर ठेवायचे नव्हते, कारण दुसऱ्याच्या श्रमावर नफा कमावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी मागाल आणि यिफ्ताह या दोन किबुत्झांना धंद्यात भागीदार केलं. पुढे तो धंदा जगभर पसरला. २०१८ मध्ये मेक्सिकोतल्या मेक्सिकेम कंपनीने ८० टक्के हिस्सा घेतला, २० टक्के हात्झेरिमकडे राहिला.

राहिला ‘सारखा पगार’. मुळात पगारच नव्हता. कमाई सामाईक तिजोरीत जायची आणि घराला गरजेप्रमाणे मिळायचं. १९८० च्या दशकात महागाई शेकडो टक्क्यांवर गेली, ती आवरायला केलेल्या १९८५ च्या आर्थिक उपायांनंतर व्याजदर भडकले आणि असंख्य किबुत्झ कर्जात बुडाले. सरकार, बँका आणि किबुत्झ चळवळ यांच्यात १९८९ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये करार झाले, त्यात कर्जाचा मोठा भाग माफ झाला. त्यानंतर बहुतेक किबुत्झांनी कामानुसार वेगवेगळा मोबदला स्वीकारला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पहिल्यावहिल्या देगानियानेही २००७ मध्ये तेच केलं.

तेव्हा ठिबकच्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हात्झेरिमचं नाव घेऊन कुणी हिणवू नये. जमीन, पाणी आणि कर्जमाफी, तिन्हींत सार्वजनिक पैसा इस्रायलच्या किबुत्झांमागेही होता.