कुंभकाने बाळाची फुप्फुसं पिकत नाहीत

‘पोटातलं बाळ आईच्या श्वासाबरोबर श्वास घेतं. सातव्या महिन्यापासून रोज कुंभक (श्वास रोखून धरणं) करा, बाळाची फुप्फुसं बळकट होतील. डॉक्टरांचं फुप्फुसाचं इंजेक्शन घेऊ नका, ते स्टेरॉइड आहे. सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ हा मेसेज काल माझ्या भाचीला आला. तिला एकतिसावा आठवडा चालू आहे, कळा लवकर सुरू होण्याची भीती आहे आणि डॉक्टरांनी नेमकं तेच इंजेक्शन सांगितलंय. ती आता विचारतेय, घेऊ की नको?

घे! दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारा पदार्थ, पुरेसं नसतं. त्याचा पातळ थर नसला की श्वास सोडताना वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, मिटतात. बाळ कण्हतं, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतो. आईला दिलेलं हे इंजेक्शन बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतं. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली अशाच इंजेक्शनाची २८२ आयांवरची चाचणी प्रसिद्ध केली. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ज्या बाळांच्या आईला प्रसूतीच्या किमान २४ तास आधी औषध मिळालं होतं, त्यांच्यातल्या ११.८ टक्के बाळांना हा श्वासाचा आजार झाला. औषध न मिळालेल्यांत ६९.६ टक्के! हो, ते स्टेरॉइडच आहे, आणि गरज नसताना घ्यायचं नाही हेही कबूल. पण गरज असताना नाकारायला सांगणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ आहे.

आता कुंभक. बाळाला ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे मिळतो. त्याच्या फुप्फुसात हवा नसतेच, फुप्फुसांनीच तयार केलेलं पाणी असतं. आईने दम कोंडून तिथे काहीही घडत नाही. गरोदरपणी श्वास रोखूच नये. संथ श्वसन खुशाल करा.

यात अर्धं सत्य एवढंच, की बाळ श्वासाच्या हालचाली करतं. दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करतं आणि फुप्फुसं वाढायला त्या लागतातच. सोनोग्राफीत छाती आत जाताना आणि पोट बाहेर येताना दिसतं. पण त्या चालतात बाळाच्या मेंदूच्या हुकमाने. शेवटच्या तिमाहीतही जेमतेम तीस टक्के वेळ चालतात, मध्येच थांबतात. आईच्या श्वासाशी त्यांचा ताल जुळलेला नसतो.

सातव्या-आठव्याचं तर साफ खोटं आहे. सर्फॅक्टंट पुरेसं व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात, त्यामुळे आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं सातव्यातल्यापेक्षा जास्तच तयार असतात.