पौष लागतोय, आणि मुलगी बारावीला आहे

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून लिहिते.

आज सकाळी डिचोलीच्या बाजारात वाड्यावरची वयनी भेटली. हातात तांबड्या भाजीच्या जुड्या, चेहरा ओढलेला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझी पोर तुझं ऐकते गो. जरा समजाव तिला, यंदा धालो नकोत. बारावी आहे, प्रिलिम डोक्यावर आली. पुढल्या वर्षी खेळ म्हणावं हवं तेवढं." मी बघते म्हणून निघाले, तर बसस्टँडवर तिची मुलगी उभी. म्हापशाच्या क्लासला निघालेली. आज रविवार! मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "आईने सांगितलं ना तुला? पण आत्या, पुढल्या वर्षी मी इथे असेन का? बेळगावला नाहीतर मणिपालला असेन. पौषात मला कोण सोडणार?"

कदंबची बस आली, ती चढली. मला उत्तर सुचलं नाही. ते तेव्हापासून सुचतंय.

शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी धालोंविषयी दोन शब्द. आमच्याकडे गोव्यात पौषाच्या चांदण्यात, जेवणं आटोपल्यावर बायका मांडावर, म्हणजे धालोंसाठी ठरलेल्या अंगणात, जमतात. समोरासमोर दोन ओळी. प्रत्येकीचा हात शेजारणीच्या कमरेमागून गेलेला. वाकायचं, पुढे यायचं, मागे सरायचं. एक ओळ गाणं उचलते, दुसरी झेलते. कुठे पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. आमच्याकडे सात. पुरुषांना तिथे जागा नाही. शेवटच्या रात्री सोंगं निघतात, कोणाची आजी नवऱ्याची पँट चढवून येते, आणि मग मांड शिंपून मोकळं व्हायचं. पुस्तकात बघून शिकायची ही गोष्ट नाही. शेजारणीचा हात कमरेवर असतो, तोच पाय कधी टाकायचा ते सांगतो.

माझी बारावी 1995 सालची, कॉमर्स. लहानपणापासून मी ओळीच्या शेपटाला असायची, नुसती ओढली जात. त्या वर्षी मांडकरीण आजीने, मांड सांभाळणाऱ्या बाईने, मार्गशीर्षातच सांगून ठेवलं होतं, यंदा तू वरच्या ओळीत, गाणं उचलायला. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. आणि आईने सांगितलं, जायचं नाही. बाबा काही बोलले नाहीत. आई मात्र स्वतः जायची. मांड आमच्यापासून दोन घरं सोडून. मी खिडकीशी अकाउंट्सची वही घेऊन बसलेली. ट्रायल बॅलन्स जुळत नव्हता, 270 रुपयांचा फरक. पहिल्या रात्री 270, दुसऱ्या रात्री 270, चौथ्या रात्रीही 270. पाचव्या रात्री आईने जाताना खिडकी लावून घेतली. आवाज कौलांतून यायचाच.

आता मला सांगा, काय मिळवलं?

राग येतो तो या "पुढल्या वर्षी"चा. अहो, बारावी हे आपल्या पोरांचं गावातलं शेवटचं वर्ष असतं! पुढे कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला, कोणी बोटीवर. कॉलेज पणजीत मिळालं तरी खोली घेऊन राहतात. मग सुट्टीला येतात ते पाहुण्यासारखे, चवथीला दोन दिवस. घरात राहणारं माणूस म्हणून मूल हातात असतं ते हे शेवटचं वर्ष, आणि नेमकं तेच आपण कुलूप लावून ठेवतो. चवथीला माटोळी, गणपतीवरची फळापानांची, बांधायला हात लावू नकोस, अभ्यास कर. घुमट वाजवायच्या तालमीला नको. जत्रेच्या नाटकात काम नको. लग्नाला नको, बारशाला नको. त्या मुलीच्या क्लासने चवथीला दीड दिवस सुट्टी दिली. गणपती दीड दिवसाचा होता, सुटली बिचारी. पाच दिवसांचा असता तर?

आणि मोबाईल चालतो बरं का. रात्री अकरा ते एक मुलगी रील बघते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चालतं, कारण ती खोलीत आहे, दार लोटलेलं आहे, समोर पुस्तक उघडं आहे. दोन तास मांडावर चार आज्यांच्या मध्ये उभी राहिली की मात्र वर्ष वाया जातं. कसला हिशोब हा?

मुलग्यांना हे इतकं लागत नाही, तेही लिहूनच टाकते. दिवाळीचा नरकासुराचा पुतळा असतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पंधरा दिवस पोरं बांबू, गवत, रद्दी घेऊन रस्त्याच्या कडेला रात्री जागवतात, बारावीवालेही. आया कुरकुरतात आणि चहाची किटली पाठवतात. शिगमा येतो फाल्गुनात. बोर्डाची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, शिगमा येईपर्यंत बहुतेक मोकळे, ढोल गळ्यात. धालो येतात ऐन पौषात, प्रिलिमच्या तोंडावर. म्हणजे सोडायचं कोणी? मुलीने. दरवर्षी तीच. मांडावरच्या ओळी आखूड का होत चालल्या, यावर चर्चा होतात, सत्कार होतात, स्टेजवर पंधरा मिनिटांचे धालो दाखवतात. बारावीच्या मुलीला घरी बसवतो, हे कोणी म्हणत नाही.

हो, मेडिकलची 'नीट' परीक्षा सोपी नाही. 180 प्रश्न, 720 गुण, आणि अख्ख्या गोव्यात सरकारी मेडिकल कॉलेज एकच, बांबोळीचं. एका गुणाने सीट जाते हे मला कळतं. वयनीचा नवरा खाणीवर होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्या घराने काय काढलं ते वाड्याने पाहिलंय. तिला भीती वाटते तर ती खोटी नाही. बाजारात तिच्यावर मनातल्या मनात चिडले, त्याचं आता वाईट वाटतंय.

आणि माझ्या आईची भीती तरी कुठे खोटी होती? तिच्या आईच्या वेळी, पोर्तुगीज असताना, वाड्यावर शाळाच नव्हती. 1961 साली गोवा मुक्त झाला, 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत आई चौथीपर्यंत गेली. पुढे शेण, पाणी, भावंडं. तिच्या दृष्टीने माझी बारावी म्हणजे घरात पहिल्यांदा आलेली गोष्ट. ती खिडकी तिने रागाने लावली नव्हती. हे समजायला मला तिच्या त्या वेळच्या वयाचं व्हावं लागलं.

पण सातव्या रात्रीचं सांगायचं राहिलं. सातव्या रात्री मी वही मिटली आणि मागच्या दाराने गेले. घरातलाच फ्रॉक, पायात चपला नाहीत, अंगणातलं सारवण थंडगार. ओळ माझ्याकडे पाठ करून होती. मी कडेला उभी राहिले, पुढे जायचं धैर्य नव्हतं. ओळ मागे सरली तेव्हा आईने मला पाहिलं. गाणं तिने थांबवलं नाही. शेजारच्या बाईच्या कमरेवरचा हात काढला, तेवढी फट केली, आणि मी शिरल्यावर माझ्या कमरेवर ठेवला. बस्स. त्यावर ती त्या रात्री बोलली नाही, नंतरही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रायल बॅलन्स जुळला. एका खात्यावर 135 रुपये जमेऐवजी नावे टाकले होते. सहा रात्री माझ्या डोळ्यांसमोर होते ते.

मला 61 टक्के पडले. सातही रात्री गेले असते तर 58 पडले असते, असं धरा. आज मला कोणी टक्के विचारत नाही. मांडावर मात्र विचारतात. मांडकरीण आजी दोन वर्षांनी गेली, मी तेव्हा पुण्याला. आईसाठी चार वर्षांपूर्वी परत आले, आता वरच्या ओळीत उभी असते. शेवटच्या रात्रीची गाणी उचलते. पहिल्या रात्रींची मला अर्धीच येतात, मध्येच अडकते, आणि समोरची ओळ वाट बघत राहते. ज्या वर्षी आजी मला शिकवणार होती, त्या वर्षी मी खिडकीच्या आत होते.

मघाशी वयनीला फोन केला. सातही रात्री मागितल्या नाहीत. म्हटलं, तीन दे. पेपरच्या आदल्या रात्री नको, मान्य. साडेनऊला मी न्यायला येईन, साडेअकराला दारात आणून सोडीन. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्यांना विचारते." नाही म्हणाली नाही.

फोन ठेवला तर आई बाकड्यावरून बघत होती. सगळं ऐकलं होतं तिने. गुडघे गेलेत, दोन वर्षं मांडावर खुर्चीत बसते. म्हणाली, "तिला लुगडं नेसता येतं? येत नसेल तर थोडी आधी पाठव म्हणावं, मी नेसवते."