भगव्याच्या रोपांना झालेल्या उशिराबद्दल

नमस्कार दादा. भगवा जातीच्या डाळिंबाची, लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली 1,200 टिश्यूची रोपं जूनला द्यायचं कबूल करून सप्टेंबरात 700च दिली, चार एकरांतले खड्डे भरून तसेच पडले, आणि विचारलं तर 'बाटल्या खराब झाल्या' एवढंच उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. सगळं खरं आहे. खराबी मला मार्चअखेरच दिसली होती. तेव्हाच फोन करायला हवा होता. उरलेल्या बाटल्यांवर भागेल या आशेने मी थांबलो आणि तुमचा हंगाम गेला. चूक माझी, माफी मागतो.

पण बाटल्यांचं कारण बनवलेलं नाही. डाळिंबाचं झाड उघड्यावर वाढलेलं. त्याचा शेंडा लॅबमध्ये आणून बाहेरून कितीही निर्जंतुक केला तरी काही जिवाणू आतल्या पेशींमध्ये दडून राहतात, तिथवर औषध पोचत नाही. फुटवे तोडून नव्या बाटल्यांत लावायच्या पहिल्या तीन-चार फेऱ्या ते हिरवेगार दिसतात. मग एक दिवस बाटली उजेडासमोर धरली की फुटव्याच्या बुडाशी, जेलीत, ताकाच्या निवळीसारखं धुरकट कडं दिसतं. तोवर त्याच फुटव्याचे तुकडे कितीतरी बाटल्यांत गेलेले असतात. शिवाय बॅसिलस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू 70 टक्के अल्कोहोलमध्येही मरत नाहीत. चिमटा नीट तापवला नाही तर तोच रोग वाटत फिरतो.

अँटिबायोटिक घालून ती खेप जूनला देता आली असती. पण त्याने जिवाणू बहुतेक वेळा नुसते दबतात. औषध सुटलं की पुन्हा डोकं काढतात, आणि रोप हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावताना, नाहीतर थेट तुमच्या खड्ड्यात मान टाकतं. म्हणून सगळ्या बाटल्या ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, 121 अंशांवर मारून फेकल्या. आता ज्या झाडाचा शेंडा घ्यायचा त्या प्रत्येक मातृवृक्षाचा तुकडा आधी पोषक आगरवर, म्हणजे जिवाणू वाढतात अशा जेलीवर, लावून बघतो. सगळेच जिवाणू त्यात सापडत नाहीत, पण बरेच आधी कळतात.

'गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) घेतली असती तर बरं झालं असतं' म्हणालात. तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग) नसलेल्या बागेतली असेल तर जरूर घ्या. मात्र तेल्याच्या बागेतली गुटी रोग घेऊनच येते. टिश्यूच्या रोपावरही शेजारच्या बागेतून पावसा-वाऱ्याबरोबर तेल्या येऊ शकतो. आमच्या माणसाने हे सांगितलं नसेल तर मी सांगतो.

राहिलेल्या 500 रोपांची आगाऊ रक्कम परत हवी तर याच आठवड्यात देतो. रोपंच हवी असतील तर आधी लॅबला या, तुमच्या खेपेच्या बाटल्या स्वतः उजेडासमोर धरून बघा, आणि मग ठरवा.